चाक गार होईस्तोवर

"शौकत, त्या बाईंना विचार, गाडा कुठनं आणलाय."

बोलणारे माझे वडील, आबा. आणि त्या बाई म्हणजे मी. आमच्यात अंतर किती, तर त्यांनी हात लांब केला असता तर माझी वेणी ओढता आली असती. पण मध्ये त्यांच्या हाताखालच्या शौकतचाचांना उभं केलेलं. चाचांनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवला, एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गरीब तोंड करून म्हणाले, "बाई, गाडा कुठनं आणलाय?"

"मालवणकडनं. जुना घेतलाय, एका होडीवाल्याकडनं."

"मिस्त्री, मालवणकडनं आणलाय म्हणत्यात."

"ऐकलं मी. कान शाबूत हायत माझे," आबा म्हणाले आणि गाड्याखाली वाकले.

आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती. दोन वर्षांनी मी त्या वर्कशॉपात पाऊल टाकलं होतं. इंदापूरच्या अलीकडं हायवेला लागून आबांचं ते पत्र्याचं वर्कशॉप. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं काम. सोपान मिस्त्री म्हटलं की कारखान्याच्या रस्त्यावरचा कुठलाही ट्रॅक्टरवाला बोट करून दाखवायचा. आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळं माझं सगळं बालपण त्याच ग्रीसच्या वासात गेलं. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या, तेव्हा मी नटबोल्ट मापानं निवडून डब्यात टाकत बसलेली असायचे. आबांना मी आणि मला आबा, तिसरं कुणी नाही.

आणि मग मी नवनाथशी लग्न केलं. नवनाथ भोयाचा, आम्ही सुतार. बारामतीला जाऊन सह्या केल्या आणि दोघं मिळून आबांच्या पाया पडायला आलो. आबांनी पाय मागं घेतले. वर्कशॉपच्या दारात, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई आन तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई." हा माणूस शब्दाचा इतका पक्का की लोक त्यांच्या शब्दावर ट्रॉली सोडून गावाला जायचे. त्यामुळं तो शब्दही ते पाळणार, हे मला ठाऊक होतं.

मला बाकी काही नको होतं. आम्ही धरणाच्या काठाला घर बांधलं होतं. पत्र्याचंच, पण पाण्याकडं तोंड करून, पुढं चांगला ऐसपैस ओटा. त्या ओट्यावर आबांनी एकदा येऊन बसावं, एवढाच माझा हट्ट. देवळात गेले तरी दुसरं काही मागायचे नाही.

तर गाडा. उजनीच्या पाण्यात नवनाथ पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवायला न्यायचा. थंडी सरली की धरणाचं पाणी मागं हटायला लागतं. आज जिथं होडी बांधली, तिथं आठवड्यानं नुसता चिखल. मग आठ-दहा माणसं गोळा करायची, होडी खांद्यावर घ्यायची आणि पाणी गाठायचं. माणसं तरी रोज कुठनं आणायची? म्हणून नवनाथनं शोधून शोधून हा होडीचा ट्रेलर आणला. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, वर रबरी रोळ आणि पुढं दोरी गुंडाळायची चकरी. पिकअपच्या मागं अडकवून आणत होतो, तर नेमकं इंदापूरजवळ उजवं चाक रडायला लागलं. असं रडायला लागलं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वळून बघायला लागली.

"दुसरं कुठलं तरी गॅरेज बघू," नवनाथ म्हणाला.

"चाकाला काय ठाऊक आपलं भांडण? घे आबांकडं."

त्यानं घेतली, पण पिकअप बाभळीखाली लावून आतच बसून राहिला. म्हणे, "तू जा, मी गाडीकडं बघतो." गाडी काय पळून जाणार होती?

आबांची एक खोड सांगते. न बघितलेली वस्तू समोर आली की ती कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. स्वतःच्या वरातीत बँडवाल्यांचा जनरेटर बंद पडला, तर नवरदेव घोड्यावरून उतरून बाशिंगासकट तो खोलायला बसले होते, असं आमची आत्या सांगायची. त्या दिवशीही तसंच झालं. माझ्याकडं बघायचं नाही असं ठरवलेला माणूस गाड्याभोवती मात्र मधमाशीसारखा घोटाळायला लागला. रोळ बोटानं फिरवून बघितले.

"हे लाटण्यागत काय रं शौकत?"

"होडी सरकायला असंल."

"हां." मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. "बेअरिंग गेलंय." मग बारकी हातोडी घेऊन सांगाड्यावर ठोकत ठोकत कान लावून निघाले. ठण्ण, ठण्ण, ठण्ण आणि एका ठिकाणी नुसतंच ठप्प. "हितं आतनं खाल्लंय. पट्टी मार." मग तिथली गंजाची खपली नखानं काढली, बघितली, हुंगली आणि चक्क जिभेवर ठेवली.

"अहो मिस्त्री!" चाचा ओरडले.

"खारट हाय!" आबांचे डोळे चमकले. "मासळी वाहिलीया ह्याच्यावर. मिठातली मासळी. म्हणून गंजलाय."

"न्हाई आबा, त्याचं असं हाय की…"

आबांनी हात वर केला. "शौकत, मी कुणाला काय विचारलं का?"

"न्हाई विचारलं."

"मग कुणी सांगू नये."

बरं, नाही सांगत. मीही त्याच घरची. तोंड घट्ट मिटलं आणि टायरच्या ढिगावर जाऊन बसले.

त्यांनी चाकाच्या मधला हब खोलला. आतलं बेअरिंग गंजून तांबडं पडलेलं. ते काढलं, हब डिझेलनं धुतला, नवं बेअरिंग घेतलं. तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन ते बेअरिंगच्या कडेनं दाबत राहायचे, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. लहानपणी मी त्याला ग्रीसच्या शेवया म्हणायचे. पाणी-धूळ अडवणारं नवं रबरी सील ठोकून बसवलं, हबवर लोखंडी टोपी लावली, चाक फिरवून कान दिला. चाक गुपचूप फिरत राहिलं.

"त्यांना म्हणावं, आता दोन हंगाम बघायचं काम न्हाई," आबांनी शौकतचाचांना सांगितलं. "आन मागं लाल फडकं बांधा म्हणावं. ट्रकवाले आंधळे असत्यात."

दोन हंगाम कसले, पंधरवडासुद्धा गेला नाही. चाक पुन्हा रडायला लागलं. नवनाथनं कपाळाला हात लावला, आणि खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. गाडा घेऊन पुन्हा वर्कशॉपात हजर.

आबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी चारचौघात पागोटं उडवलं. सोपान मिस्त्रीचं काम परत येत नसे. त्यांनी हबची टोपी काढली, आणि आत बघतच राहिले. तांबूस चकचकीत ग्रीस भरलेलं, ते ताकातल्या लोण्यासारखं पांढरंफटक झालेलं.

"हे काय गं बया!" चाचा पुटपुटले.

आबांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. "ग्रीसमध्येच भेसळ हाय."

"त्याच डब्यातलं देशमुखांच्या ट्रॉलीला भरलंय. ती झकास पळतीया."

"मग सील तिरकं बसलं असंल."

"तुमच्या हातनं?"

आबांनी चाचांकडं असं बघितलं की चाचांनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. मग दोन्ही चाकं खोलली. डावंही तसंच, पांढरं. दोन्हीकडं नवी सीलं, नवं ग्रीस, सगळं पहिल्यापासून. मी टायरच्या ढिगावर बसून बघत होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं अर्धवट वळले आणि पुन्हा हबकडं वळले. विचारायचं होतं काहीतरी, पण विचारलं नाही. मीही कशाला बोलू? मागच्या खेपेला बोलायला गेले तर हात वर केला होता.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चाचा रस्त्यावरच सामोरे आले. हळूच म्हणाले, "पोरी, बरं झालं आलीस. ह्यांनी डोकं खाल्लंय माझं. जेवताना ते पांढरं ग्रीस, चहा पिताना ते पांढरं ग्रीस. काल तर चमच्यात घेऊन स्टोव्हवर…"

"वैजे!" आतून हाक आली.

मी आणि चाचा दोघंही जागच्या जागी थांबलो. मग मी धावतच आत गेले. आबा हातात चमचा घेऊन उभे होते, आणि आपण मला नावानं हाक मारली याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"पाणी हाय त्यात! चमच्यात घेऊन तापवलं तर तडतडलं. तेलात पाण्याचा शिंतोडा पडल्यावर तडतडतं की न्हाई, तसं. आता मला सांग, पावसाचा टिपूस न्हाई, रस्ते कोरडे, मग चाकात पाणी येतंय कुठनं? पाइप मारून धुतेस का?"

चाचांनी सवयीनं माझ्याकडं तोंड केलं, "बाई, पाइप मारून…" आणि मग स्वतःच गप्प झाले.

"धुवायचं कशाला आबा," मी म्हणाले. "पाण्यातच तर जातंय ते."

"कशाच्या पाण्यात?"

"मालवणला समुद्राच्या, हितं धरणाच्या."

"चाकं?"

"चाकं, हब, निम्मा गाडा. पिकअप मागं घ्यायची, गाडा पाण्यात बुडवायचा. होडी आपोआप तरंगती, मग ढकलली की निघाली. परत आणताना तसाच बुडवायचा आन चकरीनं होडी वर वढून घ्यायची."

आबांचा चमचा तसाच हातात. "आन मी समजत होतो, माणसं लावून खाली घेत असाल. उसाच्या मोळ्या घेत्यात तशी."

"एवढी माणसं असती तर गाडा कशाला घेतला असता?"

शौकतचाचा जे हसायला लागले, ते शेवटी ऐरणीला धरून खाली बसले. "मासळी वाहिलीया म्हणं! मिठातली!" असं म्हणत डोळे पुसायला लागले. मला मात्र हसू येईना. दोन वर्षांनी ते माझ्याशी सरळ बोलले होते, आणि मी त्यांना चाचांसमोर उघडं पाडलं होतं. आता हे पुन्हा पाठ फिरवणार, या भीतीनं मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"आधी सांगायला तोंड नव्हतं?" आबा ओरडले.

"तोंड होतं. तुम्ही उघडू कुठं दिलंत?"

मग त्यांनी खाली बघितलं. खाली हब पडलेला होता, आणि नजर त्यावर गेली तशी ती तिथंच अडकली.

"पर सील हाय की," ते स्वतःशीच म्हणाले. "नवं सील हाय. ट्रॉली वढ्यातनं जाती, पावसात उभी ऱ्हाती. तिच्यात न्हाई शिरत. मग ह्याच्यातच का शिरावं?"

"मला काय ठाऊक?"

"तुला काय ठाऊक असणार. बघायलाच लागंल."

बोलून गेले आणि एकदम दचकले. बघायचं तर पाण्यावर जायला हवं. आणि पाणी आमच्या दाराशी. हे त्यांना कळलं, मला कळलं, चाचांनाही कळलं. आबांनी चमचा पुसला, खिशात घातला, परत काढला.

"शौकत," ते शेवटी म्हणाले, "पान्यांची पिशवी घे. ग्रीसचा डबा घे. पाण्यावर जायचंय." मग आवाज चढवून, "पाण्यावर! कुणाच्या घरी न्हाई!"

दोन्ही चाकं पुन्हा भरून झाली आणि आम्ही निघालो. आमचा पिकअप पुढं, मागं गाडा आणि गाड्याच्या अगदी बगलेला आबांची एम-एटी फटफटी, मागं पिशवी सांभाळत शौकतचाचा. आबांची नजर सगळा रस्ता चाकावर. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते, पण आबांच्या कानात काही शिरत नव्हतं. नवनाथला आरशातून बघून घाम फुटला.

"तुझा बाप चाकाकडं बघतोय का माझ्याकडं?"

"चाकाकडं. तू एवढा कुठं लागून गेलास."

काठावर पोचलो. नवनाथनं रोजच्यासारखा पिकअप वळवला आणि गाडा मागं घेत थेट पाण्याकडं नेला. "थांब!" आबांनी चाकाशी बसून हबला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "आई गं! भाजतंय की!" मग बोट फुंकत म्हणाले, "आता घाल. हळू."

गाडा पाण्यात उतरला तसे आबाही उतरले. चपला काढल्या नाहीत, विजार वर केली नाही. कमरेपर्यंत पाण्यात, वाकून, नाक पाण्याला टेकलेलं. हब पाण्याखाली गेला तसा चर्र आवाज आला. दोन-चार बुडबुडे वर आले आणि थांबले.

"काढ बाहेर! काढ, काढ!"

तिथंच चिखलात बसून त्यांनी हबची टोपी काढली. ग्रीसवर पाण्याचे थेंब दवासारखे बसलेले. आबा कितीतरी वेळ त्या थेंबांकडं बघत होते. मग एकदम त्यांनी चाचांच्या मांडीवर थाप मारली.

"तापलेला तांब्या पाण्यात उपडा घातला की काय करतो?"

"काय करतो?"

"पाणी वर वढून घेतो! आतली हवा गार झाली की आकसती, आकसली की बाहेरचं वढती. ह्या चाकाचं तेच हाय. रस्त्यानं पळून तापतं, अन तसंच गार पाण्यात घातलं की घटाघटा पितंय. सील बिचारं काय करंल? ट्रॉली वढ्यात किती बुडती? टायर भिजतो, हब वरच ऱ्हातो." मग हात झटकत म्हणाले, "गार करून घातलं तर पिणार न्हाई. बघू."

हब पुसला, कोरडा केला, ताजं ग्रीस भरलं. नवनाथला पिकअप पार हायवेपर्यंत नेऊन आणायला लावला, चाक चांगलं तापवायला. आणि मग हब गार व्हायची वाट बघणं आलं.

ऊन मी म्हणत होतं. आबा चाकाशेजारी उकिडवे, ओल्या विजारीनं, डोक्यावर टोपी. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. नवनाथनं सगळा धीर गोळा केला आणि म्हणाला, "मामा, वेळ लागंल. सावलीत बसा की. घर हितंच हाय."

आबांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या घराकडं नीट बघितलं. ओटा बघितला, दारातली तुळस बघितली, वळणीवरचं माझं लुगडं बघितलं. मग मान खाली घातली आणि हबकडं बघायला लागले.

मी घरात गेले, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तांब्या घेतला. माझा जीव भांड्यात पडला, तोच त्यांनी तांब्या कलता केला आणि हबवर पाण्याची धार सोडली.

चर्र!

"लई तापलंय अजून," आबा म्हणाले आणि तांब्या माझ्या हातात परत दिला.

असा संताप आला मला! वाटलं, तो तांब्या त्यांच्या टोपीवर उपडा करावा. शौकतचाचांनी लगबगीनं तो माझ्याकडून घेतला, उरलेलं पाणी घटाघटा प्याले आणि उगीचच मोठ्यानं म्हणाले, "वा! काय गार पाणी हाय!"

शेवटी एकदाचा आबांचा तळहात हबवर टिकला. गाडा पाण्यात गेला. एकही बुडबुडा नाही. बराच वेळ तसाच ठेवला, मग बाहेर काढला, टोपी उघडली. आत ग्रीस तसंच, तांबूस आणि चकचकीत.

"कोरडं!" आबा ओरडले. "बघ रं नवनाथा, कोरडं ठणठणीत!" आणि त्यांनी ग्रीसचा हात तसाच नवनाथच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर मारला. नवनाथ बिचारा खांबासारखा उभा. त्याला हसावं का पाया पडावं हेच कळेना.

"ध्यानात ठेवा," आबा दोघांकडं बघत म्हणाले, "गाडा आला की लगेच पाण्यात घालायचा न्हाई. हबवर हात टिकला पायजे. तोवर गप बसायचं. घाई करायची न्हाई." मग धरणात हात धुतले, विजार पिळली, एम-एटीला किक मारली आणि निघून गेले. घराकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी ओट्यावर बसले आणि हमसून हमसून रडले.

"अगं, बोलले की ते," नवनाथ म्हणाला. "मला नावानं हाक मारली. हा बघ खांदा."

"बोलले. आणि चाक पण नीट केलं. आता परत कशाला येतील?"

तो शर्ट त्यानं काढून तसाच ठेवला, मला धुवू दिला नाही.

आणि चाक खरोखरच नीट चाललं. आम्ही आबांनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक खेपेला हब गार व्हायची वाट बघायचो. गाडा हलला की मी कान टवकारायचे. वाटायचं, आता रडेल, मग रडेल. मेलं एकदाही कुरकुरलं नाही. एकदा तर दुपारी मी पाना घेऊन चाकाशी जाऊन बसले. टोपी सैल करायची, सील जरासं उचकटायचं, बस्स. कुणाला कळलं नसतं. पण आबांनी बसवलेलं काम माझ्या हातानं बिघडवायला मन धजेना. पाना ठेवून दिला आणि भाकरी थापायला गेले.

पाणी आणखी मागं गेलं, रोहित उडून जायचे दिवस आले. अशाच एका रविवारी सकाळी एम-एटीची फटफट ऐकू आली.

मी पिठाच्या हातानं दारात आले. आबा एकटेच. ना शौकतचाचा, ना पान्यांची पिशवी. धुतलेला शर्ट, नवी टोपी, दाढी केलेली. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ लिंबाखाली गेले, जिथं गाडा उभा होता. नवनाथ पिकअप घेऊन पेट्रोल आणायला भिगवणला गेलेला, आणि गाडा दोन दिवस जागचा हललेला नव्हता. दांडी विटेवर टेकवलेली आणि खाली सावलीला कोंबड्या बसलेल्या.

आबांनी कोंबड्या हुसकल्या. चाक हलवून बघितलं. रोळ फिरवले. सांगाड्यावर बोटाच्या गाठीनं ठकठक केलं. दुसऱ्या चाकाकडं गेले, परत आले. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ते खाली बसले आणि उजव्या हबवर तळहात ठेवला, आणि ठेवूनच बसले.

मी दारातच थांबले. पुढं गेले तर उठून जातील असं वाटत होतं.

"वैजू," ते म्हणाले. वर न बघता, अगदी हळू.

"काय आबा?"

"हब तापलाय अजून."

त्यांनी घसा खाकरला.

"गार होईस्तोवर…" आणि पुढचं त्यांच्याच्यानं बोलवेना. पुन्हा घसा खाकरला. "गार होईस्तोवर बसायला लागंल."

मी गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि पिठाचा हात त्यांच्या हाताजवळ हबवर ठेवला. लोखंड माठासारखं गारेगार होतं. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. लहानपणी मी बोल्ट चुकीच्या डब्यात टाकला की माझं तोंड जसं व्हायचं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"होय की आबा," मी म्हणाले. "लई तापलाय. टाइम लागंल. या, वर बसा."

त्यांनी पायरीखाली चपला काढल्या आणि ओट्यावर येऊन बसले. मी तांब्या भरून दिला. तो त्यांनी एका दमात रिकामा केला. मग चहा झाला, मग परत चहा झाला. मी चुलीवर चिलापी मासळीचं कालवण टाकलं. आबांनी ओट्याचा कोपरा, पत्र्याचे हूक, दाराची बिजागरी सगळं तपासून घेतलं आणि बिजागरी तिरकी असल्याचं जाहीर केलं.

नवनाथ परत आला तेव्हा आबा जेवायला बसले होते. दारातच थांबला, माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि आनंदानं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "मामा, गाडा बघायला आलात व्हय? अहो, तो तर परवापासनं हितंच…"

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला टाचेनं दिला.

"मामा, बसा," नवनाथ कळवळून म्हणाला, "हब लई तापलाय."

आबांनी मान डोलावली आणि ताटातला काटा बाजूला काढून पुढचा घास घेतला. तो हब त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत काही गार झाला नाही.